ताईची गोळी आणि माझं ऑपरेशन

रात्री नऊला ताईच्या फोनचा अलार्म वाजतो. घरात कोण आलंय, काय बोलणं चाललंय, काही बघत नाही ती, उठते, पट्टीतून एक छोटी पिवळी गोळी काढते, तळहातावर ठेवून क्षणभर बघते आणि दोन घोट पाण्याबरोबर घेते. लेट्रोझोल, स्तनाच्या कॅन्सरनंतरची. पाच वर्षं रोज घ्यायचीय असं डॉक्टरांनी सांगितलंय, आत्ता तिसरं वर्ष चालू आहे.

माझं वजन कमी करायचं ऑपरेशन झालं तेव्हा पहिले काही आठवडे मी तिच्याकडेच होते. झोप धड लागायची नाही, म्हणून एका रात्री त्या गोळीच्या खोक्यातला घडीचा कागद उलगडून बसले, तो मुंगीएवढ्या अक्षरांतला. त्यात लिहिलं होतं की ही गोळी अरोमाटेज नावाच्या एन्झाइमला अडवते, जे अंगात इस्ट्रोजेन हे बाईचं हार्मोन बनवतं. मग फोनवर शोधलं की हे अरोमाटेज असतं तरी कुठे, तर पाळी गेल्यानंतर बाईच्या अंगात ते मुख्यतः चरबीत बसून काम करत असतं. पोटावरच्या टाक्यांच्या छोट्या पट्ट्यांवर हात ठेवून मी कितीतरी वेळ तशीच बसले. ताई रोज रात्री ज्याला गोळीने अडवतेय, ते जिथे तयार होतं ती जागाच मी कमी करायला निघाले होते, आणि हे दोन्ही एकाच गोष्टीबद्दल आहे हे मला इतक्या महिन्यांत एकदाही कळलं नव्हतं.

आम्हा दोघींची अंगकाठी एकच. ती माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. तिला स्तनात गाठ लागली तेव्हा ती ५८ वर्षांची होती, पाळी जाऊन सात वर्षं झालेली. अंघोळ करताना साबणाच्या हाताला काहीतरी लागलं, वाटाण्याएवढं, दुखत नव्हतं, म्हणून तिने तीन आठवडे कोणाला सांगितलंच नाही (आपल्या बायका दुखत नसेल तर ते काही नाहीच असं धरून चालतात, आणि हीच गोष्ट सगळ्यात घात करते). बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये ईआर पॉझिटिव्ह असं लिहिलेलं, म्हणजे त्या पेशींवर इस्ट्रोजेन पकडणारे रिसेप्टर होते, इस्ट्रोजेन मिळालं की त्या वाढणार. ऑपरेशन झालं, केमो झाली, रेडिएशन झालं आणि मग ही गोळी.

सख्ख्या बहिणीला झालं म्हटल्यावर माझी रिस्क साधारण दुप्पट धरतात, तेव्हा तिच्या डॉक्टरांनी मला मॅमोग्राम, म्हणजे स्तनाचा एक्स-रे, करून घ्यायला सांगितलं. मी ५२ वर्षांची होते आणि तोपर्यंत एकदाही केला नव्हता. का नव्हता केला ते आज लिहून टाकते. तपासणीच्या खोलीत एक गाऊन देतात, समोरून उघडा, दोन बंद असलेला. माझं वजन तेव्हा ११२ किलो होतं, बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचं माप, ४३. तो गाऊन माझ्या खांद्यांवर बसला पण समोर आला नाही, बंद एकमेकांपर्यंत पोचेनात. मी दोन्ही हातांनी तो छातीपाशी धरून उभी राहिले आणि तिथली बाई दुसरीला म्हणाली, यांना मोठी प्लेट लावावी लागेल. बोलली ती कामाचंच, वाईट बुद्धीने नाही बोलली, पण मला जे ऐकू आलं ते वेगळंच होतं. अशा एका वाक्याच्या भीतीने मी बारा वर्षं टाळाटाळ केली होती. जाड बायका तपासणी टाळतात हे डॉक्टरांनाही माहीत आहे, त्यावर लिहिलंही गेलंय, आणि ज्यांना तपासणीची जास्त गरज आहे त्याच त्या दारातून परत फिरतात हे मला फार लागतं. दोन मोठे गाऊन शिवून ठेवायला काय लागतं?

तो मॅमोग्राम स्वच्छ आला.

ऑपरेशनचा निर्णय मी कॅन्सरसाठी घेतला नव्हता हे स्पष्ट सांगायला हवं. शुगर तीन गोळ्यांनीही ताब्यात नव्हती, झोपेत श्वास अडकायचा म्हणून रात्री मास्क लावून झोपावं लागायचं, गुडघे जिना बघूनच दुखायला लागायचे. वीस वर्षं वजन कमी करत आणि परत वाढवत काढली होती. मला स्लीव्ह केलं, म्हणजे बाही, जठराचा जवळपास तीन चतुर्थांश भाग काढून टाकतात आणि बाहीसारखी एक अरुंद नळी ठेवतात. दुसरा प्रकार बायपासचा, त्यात जठराचा छोटासा कप्पा करून तो आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. लोक याला शॉर्टकट म्हणतात. शॉर्टकटने गेलेल्या माणसाला आयुष्यभर बी-१२, आयर्न, कॅल्शियम, व्हिटॅमिन डी मोजून घ्यावी लागत नाहीत आणि दर थोड्या महिन्यांनी रक्त तपासावं लागत नाही. असो, ते पुन्हा कधीतरी.

सहा आठवड्यांनी फॉलोअपला गेले तेव्हा मी सर्जनना विचारलं, डॉक्टर, याने माझी ब्रेस्ट कॅन्सरची रिस्क कमी होईल का? ते लगेच हो म्हणाले नाहीत आणि त्याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. ते म्हणाले, तुमची शुगर आणि श्वास याबद्दल मी छातीठोक बोलेन, कॅन्सरबद्दल जे माहीत आहे ते सांगतो, बसा.

त्यांनी जे सांगितलं आणि नंतर मी जे वाचलं ते मिळून आता माझ्या डोक्यात असं आहे. आपण चरबी म्हणजे साठवण समजतो, कपाटात कोंबलेल्या कपड्यांसारखी नुसती पडून असलेली, पण ती कामाला लागलेली असते. पाळी चालू असते तोवर इस्ट्रोजेन मुख्यतः ओव्हरीतून येतं. पाळी गेली की ओव्हरी थांबतात, पण मूत्रपिंडांवरच्या अॅड्रिनल ग्रंथींतून वगैरे येणारी जी थोडी पुरुषी हार्मोन्स असतात त्यांचं चरबीतलं अरोमाटेज इस्ट्रोजेन करत राहतं, म्हणजे जेवढी चरबी जास्त तेवढं हे काम जास्त. त्यात भर इन्सुलिनची. वजन जास्त असलं की शरीर इन्सुलिनला दाद देत नाही, मग ते आणखी आणखी तयार होतं, आणि इन्सुलिन हे स्वतःच पेशींना वाढा म्हणून सांगणारं हार्मोन आहे, वर ते लिव्हरला एक प्रोटीन कमी बनवायला लावतं, जे प्रोटीन रक्तातल्या इस्ट्रोजेनला पकडून ठेवतं. पकडणारे हात कमी झाले की मोकळं इस्ट्रोजेन वाढतं. आणि तिसरं म्हणजे सूज, डोळ्यांना न दिसणारी. फुगलेल्या चरबीच्या पेशी मरतात आणि त्यांच्याभोवती रोगप्रतिकारक पेशी कडं करून बसतात, हे स्तनाच्या आतसुद्धा होतं, मायक्रोस्कोपखाली ते मुकुटासारखं दिसतं म्हणे. मुकुट हा शब्द ऐकून मला कसंतरीच झालं.

हार्मोनचा आणि या कॅन्सरचा संबंध काही आज कळलेला नाही, १८९६ साली ग्लासगोच्या जॉर्ज बीटसन नावाच्या सर्जनने बायकांच्या ओव्हरी काढल्यावर स्तनातली गाठ बसत गेल्याचं लिहून ठेवलंय, तेव्हा इस्ट्रोजेन हे नावसुद्धा नव्हतं. पण वजनाचा संबंध पक्का मान्य व्हायला वेळ लागला. २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने १३ प्रकारच्या कॅन्सरची यादी दिली ज्यांचा जादा चरबीशी संबंध आहे, त्यात पाळी गेल्यानंतरचा स्तनाचा कॅन्सर आहे. पाळी गेल्यानंतर हे शब्द महत्त्वाचे आहेत, कारण तरुण वयात उलटं दिसतं, पाळी चालू असताना जाड बायकांना हा कॅन्सर थोडा कमीच होतो. पाळी गेल्यावर मात्र बीएमआय पाचने वाढला की रिस्क साधारण १२ टक्क्यांनी वाढते. हे वाचल्यावर मी माझं आणि ताईचं वजन मनातल्या मनात पाचच्या पायऱ्यांनी मोजत बसले होते, ते मोजणं चुकीचं होतं, का ते पुढे येतंच.

आता ऑपरेशनबद्दल. स्वीडनमध्ये १९८७ ते २००१ या काळात एक मोठा अभ्यास सुरू केला, काही जणांनी ऑपरेशन केलं, काहींनी नेहमीचे उपचार घेतले, आणि मग त्या सगळ्यांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं. २००९ साली पहिल्यांदा दिसलं की ऑपरेशन केलेल्या बायकांमध्ये एकूण कॅन्सर कमी आहेत, पुरुषांमध्ये तसा फरक नाही. नुसत्या स्तनाच्या कॅन्सरचा हिशेब २०२४ मध्ये आला. २८६७ बायका, निम्म्या इकडे निम्म्या तिकडे, जवळपास २४ वर्षांचा काळ. ऑपरेशन केलेल्या १४२० जणींपैकी ६६ जणींना स्तनाचा कॅन्सर झाला, न केलेल्या १४४७ पैकी ८८ जणींना. म्हणजे रिस्क ३२ टक्क्यांनी कमी. हा आकडा ऐकून मला रडू आलं होतं, खरं सांगते, आणि मग मी कागद पेन घेऊन बसले. शंभर बायकांमागे बघितलं तर एकीकडे साडेचार-पाच, दुसरीकडे सहा. दोन तपांत शंभरात दीड बाईचा फरक. बत्तीस टक्के आणि दीड बाई, आकडे दोन्ही खरे आहेत, एकाच कागदातून निघालेले आहेत, आणि जाहिरातीत नेहमी पहिलाच दिसणार हे आपण ओळखून असावं. ती दीड बाई लहान नाहीये हां. ती दीड बाई माझी ताई असू शकली असती.

दोन्ही बाजूंच्या बायकांमधले बाकीचे फरक धरून परत मोजलं की तो फरक २८ टक्क्यांवर येतो आणि योगायोगाची शक्यता पूर्ण पुसली जात नाही. शिवाय चिठ्ठ्या टाकून कोणी ऑपरेशन करायचं ते ठरवलं नव्हतं, ज्यांनी करून घेतलं त्या बायका मुळातच वेगळ्या असू शकतात. त्या काळी करायचे ती ऑपरेशनंही आजच्यासारखी नव्हती, माझं स्लीव्ह त्यात नव्हतंच. अमेरिकेत साधारण १८ हजार ऑपरेशन केलेल्या बायकांची न केलेल्यांशी तुलना करून २०२० मध्ये जे छापलं त्यात पाळी गेलेल्या बायकांची रिस्क ४५ टक्क्यांनी कमी दिसली, पाळी चालू असलेल्यांचीही कमी दिसली. पण २०२२ मध्ये क्लीव्हलँड क्लिनिकच्या ३० हजार लोकांच्या अभ्यासात वजनाशी जोडलेले सगळे कॅन्सर एकत्र धरले तर ३२ टक्के कमी, गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरमध्ये तर फार स्पष्ट फरक, आणि स्तनाचा वेगळा काढला तर तसा पक्का फरक नाही. म्हणून कोणी तुम्हाला हे ऑपरेशन ब्रेस्ट कॅन्सरपासून संरक्षण म्हणून सांगत असेल तर तिथून उठा. ते त्याच्यासाठी नाही. ज्या बाईला ते वजनासाठी, शुगरसाठी लागणारच आहे तिच्या पदरात हा एक जादा फायदा पडू शकतो, इतकंच आज म्हणता येतं.

स्वीडनच्या त्या अभ्यासातली एक गोष्ट मात्र मला सगळ्यात जास्त पटली. सुरुवातीलाच ज्या बायकांचं इन्सुलिन जास्त होतं त्यांची रिस्क ऑपरेशननंतर जवळपास निम्मी झाली आणि ज्यांचं कमी होतं त्यांच्यात फारसा फरकच पडला नाही. म्हणजे काट्यावरचा आकडा सारखा असला तरी आतली गोष्ट सारखी नसते. आयुष्यभर लोकांनी माझ्याकडे बघून माझं सगळं ओळखलं, किती खात असेल, किती आळशी असेल, आणि इथे शास्त्र सांगतंय की बघून काही कळत नाही.

चौथ्या महिन्यात माझे केस गळायला लागले. या ऑपरेशननंतर गळतात, वजन झपाट्याने उतरतं त्याचा धक्का असतो, पुढे येतात, हे सांगितलेलं होतं तरी उशीवर रोज सकाळी बघवायचं नाही. ताईचे केमोनंतरचे केस तेव्हा चांगले कानाखाली आले होते, पूर्वी सरळ होते ते कुरळे आलेले. ती मला समोर बसवून हलक्या हाताने विंचरून द्यायची आणि फणीत आलेला गुंता मला दिसू नये म्हणून पटकन मुठीत धरायची. एकदा असंच विंचरताना म्हणाली, तू ते छापलेलं आणून टेबलावर ठेवलंयस ना, मी वाचलं. मी गप्प. मग तिने विचारलं, म्हणजे माझ्या वजनामुळे झालं का गं?

मी लगेच म्हटलं, नाही गं, काहीतरीच काय. फणी थांबली. तिला कळलं की हे मी पाठ केल्यासारखं बोलतेय.

तिला तोवर तीन-चार जणांनी ऐकवून झालं होतं, वजन आटोक्यात ठेवलं असतंस तर, आणि ते ऐकवणारे तिच्या केमोच्या खुर्चीपाशी एक तासही बसले नव्हते. मी वळून तिच्याकडे तोंड करून बसले आणि जमेल तसं सांगितलं. की बारीक बायकांनाही होतो, व्यायाम करणाऱ्यांनाही होतो, बाई असणं आणि वय वाढणं याच सगळ्यात मोठ्या रिस्क आहेत आणि त्या काही कोणी उधळेपणाने ओढवून घेत नाही. की वजनाचा वाटा असेल, नसेलही, हजारो बायका एकत्र मोजल्या की तो दिसतो, पण त्यातल्या एकीकडे बोट दाखवून तुला यामुळे झाला असं जगातला कोणताही डॉक्टर म्हणू शकत नाही. १२ टक्के जास्त म्हणजे शंभर बायकांच्या घोळक्याबद्दलचं बोलणं आहे, तू घोळका नाहीस. आणि वजन तरी आपण दोघींनी काय हौसेने वाढवलं होतं, आपल्याला जे शरीर मिळालं त्याच्याशी आपण आयुष्यभर भांडत आलो ना.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, हे तू आधी का नाही सांगितलंस, मी दोन वर्षं एकटीच हिशेब करत होते. मला काय बोलावं कळेना. मी वाचत होते, आकडे काढत होते, सर्जनना प्रश्न विचारत होते आणि माझ्या शेजारच्या खोलीत माझी बहीण रोज रात्री गोळी घेताना स्वतःला दोष देत होती. रिस्क कमी कशी करायची हे सांगताना ज्यांना होऊन गेलंय त्या बायका ऐकत असतात हे मी तेव्हापासून विसरत नाही, आणि या विषयावर लिहिणाऱ्या, बोलणाऱ्या सगळ्यांनी ते लक्षात ठेवावं असं मला मनापासून वाटतं.

वर्षभरात माझं ३६ किलो वजन उतरलं. शुगरच्या दोन गोळ्या बंद झाल्या, मास्क गेला. छातीतली चरबीही उतरली, आणि एका रात्री कुशीवर वळताना डाव्या बाजूला बोटांना काहीतरी कडक लागलं. मला घामच फुटला. ताईचे ते तीन आठवडे आठवले आणि मी तीन तासही थांबले नाही, सकाळी उठून फोन केला. मॅमोग्राम झाला, सोनोग्राफी झाली. रेडिऑलॉजिस्टबाईंनी जुनी फिल्म आणि नवी फिल्म शेजारी लावून दाखवली. जुन्यात सगळं करडं, पसरलेलं, नव्यात पांढरं दाट. मी म्हटलं हे वाढलंय का? त्या म्हणाल्या, पांढरं आहे तेवढंच आहे, भोवतीचं करडं गेलंय. चरबी फिल्मवर करडी दिसते आणि ग्रंथींचा भाग पांढरा, चरबी कमी झाली की उरलेलं दाट दिसतं आणि हातालाही लागायला लागतं, आधी जे गादीखाली होतं ते वर येतं. माझ्या हाताला लागलेली ती माझीच ग्रंथी होती, तिथे आधीपासून असलेली. जुनी फिल्म नसती तर हे इतक्या पटकन सांगता आलं नसतं असंही त्या म्हणाल्या, म्हणून ज्या बायका हे ऑपरेशन करायचा विचार करतायत आणि मॅमोग्रामच्या वयात आहेत त्यांनी आधी एक करून ठेवावा आणि ती फिल्म जपावी, आणि नंतर तपासायला जाल तेव्हा एवढं वजन उतरलंय हे तिथे सांगावं.

वजन उतरलं म्हणून तपासणी सुटत नाही, हे तर आलंच. ताईची बहीण असणं कुठल्याही ऑपरेशनने कापून टाकता येत नाही.

आता आम्हा दोघींना हाडांचीही काळजी घ्यावी लागते. तिची गोळी इस्ट्रोजेन इतकं कमी करते की हाडं विरळ होतात, सकाळी तिची बोटं आखडलेली असतात, मूठ वळायला वेळ लागतो. माझ्या ऑपरेशननेही हाडं विरळ होऊ शकतात, एक तर वजन झपाट्याने उतरलंय आणि कॅल्शियमही पोटात पुरेसं जात नाही. मग दोघी कॅल्शियम घेतो, दोघी हाडांची घनता मोजून घेतो, आणि संध्याकाळी चालायला जातो. ती हळू चालते, मी आता भरभर चालू शकते, पण मी तिच्या चालीने चालते.

पुढच्या महिन्यात दोघींचेही मॅमोग्राम आहेत. मी मुद्दाम एकाच दिवशी एकामागून एक वेळ घेतलीय. ज्या ठिकाणी पहिल्यांदा गेले होते तिथे मी मोठ्या गाऊनबद्दल लिहून दिलंय, अजून काही कळवलेलं नाही त्यांनी, परत लिहिणार आहे. ताईला ऑपरेशनच्या बाजूचा हात अजून पूर्ण मागे नेता येत नाही आणि हल्ली बोटांमुळे बारीक गाठही मारता येत नाही, म्हणून मी तिला म्हटलं, यावेळी मी आत येते, तुझे बंद मी बांधते. ती म्हणाली, आणि तुझे मी, हळूहळू का होईना.